पर्सिसचे केस परत आले का?

नवरात्र आलं की आमच्या हिंगोलीला वेगळीच कळा येते. रामलीला मैदानावर दसऱ्याच्या प्रदर्शनाची दुकानं लागतात, आकाशपाळणे उभे राहतात, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायाबापड्या लेकरांना घेऊन येतात. आमच्या गल्लीत रोज एकीच्या घरी आरती आणि हळदी-कुंकू असतं. २०२३च्या नवरात्रात मात्र आमच्या घरातून मी एकटीच जात होते. माझी धाकटी जाऊ उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती.

तिला स्तनाचा कॅन्सर निघाला होता. नांदेडला उपचार सुरू होते. पहिल्या किमोनंतर अठरा-वीस दिवसांत केस हातात यायला लागले आणि दुसऱ्या किमोनंतर एक केस उरला नाही. तुम्हाला सांगते मैत्रिणींनो, तिचे केस म्हणजे आमच्या घरचं कौतुक होतं. लग्नात वेणी कमरेच्या खाली येत होती. सासूबाई असताना रविवारी तिच्यासाठी शिकेकाई उकळायच्या आणि शेजारणींना हाका मारून मारून तो वेणीफणीचा सोहळा दाखवायच्या. मला त्याचा थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू! तेच केस न्हाणीच्या जाळीवर गुंता होऊन पडलेले मी रोज सकाळी तिच्या आधी उठून उचलत होते.

एक दिवस तिनं आरशावर टॉवेल टाकला आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळला. तो रात्री झोपतानाही निघेना. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला सांगायची, अगं केसांचं काय घेऊन बसलीस, येतील परत. मीही तेच सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदाच म्हणाली, अक्का, गाठ होती ती कुणाला दिसत नव्हती. हे सगळ्यांना दिसतं.

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याच दुपारी घटस्थापनेची पितळी समई काढायला मी माझी माहेरची ट्रंक उघडली आणि तळाशी अंथरलेल्या कागदांखाली एक पिवळं पडलेलं कात्रण सापडलं. चित्रातली बाई माझ्याकडे मोठ्या मोठ्या डोळ्यांनी बघत होती. डोक्यावर एकही केस नाही.

ती होती पर्सिस खंबाटा.

हे कात्रण १९८० सालचं. मी तेव्हा वसमतला नववीत होते. मुंबईचे मामा आले की जुनी मासिकं घेऊन यायचे, त्यातल्या एकात हे चित्र होतं. मी ते कापून भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं होतं. आमच्या शेजारच्या वाड्यात एक सोवळ्या आजी राहायच्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, अंगावर लाल आलवण, डोक्यावरून पदर. अकराव्या-बाराव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं आणि त्याबरोबर केसही गेले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९०च्या सुमारास न्हाव्यांना एकत्र करून विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण तो वारा आमच्या मराठवाड्यात पोचायला पुष्कळ काळ गेला. मी आजींना रोज पेपर वाचून दाखवायचे. त्या दिवशी पुस्तकातून हे चित्र खाली पडलं. आजींनी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. त्यांनी विचारलं, हिचा नवरा कधी गेला?

मी सांगितलं, आजी, हिचं लग्नच झालेलं नाही. सिनेमासाठी तिनं स्वतः केस काढलेत. आजींचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे तिला विचारलं होतं? मी म्हटलं, हो, विचारलं होतं आणि तिनं हो म्हटलं. आजी कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग कात्रण मला देऊन म्हणाल्या, जपून ठेव.

ते मी जपून ठेवलं, इतकं की विसरूनच गेले होते. आता तेच घेऊन मी जाऊबाईच्या खोलीत गेले आणि तिला पर्सिसची गोष्ट सांगायला बसले.

पर्सिसचा जन्म २ ऑक्टोबर १९४८चा, मुंबईतला. घर पारशी, मध्यमवर्गीय. ती दोन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. आपल्याकडे अशा घराला काय काय ऐकावं लागतं ते मी वेगळं सांगायला नको. पारशी समाज शिकलेला आणि पुढारलेला खरा, पण बाप नसलेल्या घराला पैशाची चणचण कुठल्याही समाजात चुकत नाही. पर्सिस शाळकरी वयातच कमावती झाली, आणि तेही योगायोगानं. मुंबईतल्या एका नावाजलेल्या छायाचित्रकारानं सहज म्हणून तिचे काही फोटो काढले. ते फोटो एका प्रसिद्ध साबणाच्या जाहिरातीत वापरले गेले आणि जाहिरात चांगलीच गाजली. मोठे डोळे, उंच गालफडं आणि दाट काळे केस असलेली ही मुलगी मॉडेल झाली.

तेव्हा मॉडेलिंग हा धंदा असतो हेच लोकांना माहीत नव्हतं. सौंदर्यस्पर्धांचंही तसंच होतं. आज आपल्याला सुश्मिता, ऐश्वर्या, लारा, प्रियांका ही नावं पाठ असतात. पण मिस वर्ल्ड १९५१ साली लंडनमध्ये आणि मिस युनिव्हर्स १९५२ साली अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा आपल्या देशात ते कुणाच्या गावीही नव्हतं. मिस युनिव्हर्स तर मुळात पोहण्याचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीनं सुरू केलेली. कपडे खपावेत हा साधा हिशेब. त्या पहिल्याच वर्षी भारतातून गेल्या होत्या इंद्राणी रहमान. त्या पुढे फार मोठ्या नर्तकी म्हणून नावाजल्या. गंमत म्हणजे त्या लग्न झालेल्या होत्या, आई झालेल्या होत्या. नंतर मात्र मुलगी अविवाहितच हवी असा नियम तिथे पक्का बसला. तो बदलायला थेट २०२३ साल उजाडावं लागलं. आता लग्न झालेल्या आणि मुलं असलेल्या बायकाही मिस युनिव्हर्सला जाऊ शकतात, आणि २०२४पासून वयाची वरची अटही राहिली नाही. हे सांगितल्यावर जाऊबाई पहिल्यांदा किंचित हसली. म्हणाली, चला, म्हणजे आपण दोघी जाऊ.

‘फेमिना’ मासिकाची मिस इंडिया स्पर्धा १९६४ साली सुरू झाली. पहिल्या विजेत्या मेहेर कॅस्टेलिनो, त्याही मुंबईच्या आणि पारशीच. दुसऱ्या वर्षी, १९६५ला, मुकुट पर्सिसच्या डोक्यावर बसला. तिला तेव्हा सतरावं वर्ष लागलेलं. आपल्या मुली त्या वयात बारावीच्या क्लासला जात असतात. आणि या मुलीला अमेरिकेत मायामी बीचला जाऊन जगभरच्या सुंदरींसमोर उभं राहायचं होतं.

मिस इंडिया म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय काय येतं! ड्रेस डिझायनर, मेकअप करणारी माणसं, बोलायला-चालायला शिकवणारे वर्ग. यातलं काही तेव्हा नव्हतं. ऐनवेळी दुकानातून घेतलेले तयार कपडे पेटीत भरून पर्सिस निघाली. ना खास शिवलेला झगा, ना कुणी सोबत शिकवणारं. राज्य पातळीवरच्या खो-खोला जाताना आमच्या शाळेच्या मुली जुनेच बूट चुना लावून पांढरे करून घालायच्या, त्याची मला आठवण झाली.

जुलै १९६५मध्ये ती स्पर्धा झाली. या स्पर्धांची रीत ठरलेली असते. आधी आपापल्या देशाच्या पोशाखात फिरायचं, मग पोहण्याच्या कपड्यांत, मग लांब झग्यात. सगळ्यांमधून पंधरा निवडायच्या, त्या पंधरांतून पाच आणि पाचांतून एक. पर्सिस त्या पंधरांतही आली नाही. मुकुट थायलंडच्या अपस्रा होंगसकुला या मुलीनं जिंकला, आणि त्या देशाला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

हरलेल्या मुलींची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. आपल्याकडे तर दुसऱ्या दिवशी विमानतळावर कोण घ्यायला आलं, इतकंच मोजतात. पण पर्सिसचा वाटा पुढच्याच वर्षीच्या एका मोठ्या विजयात आहे आणि तो मला फार आवडतो. १९६६ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारी, मूळ गोव्याच्या घरातली रीटा फारिया लंडनला मिस वर्ल्डसाठी निघाली. तिच्याकडेही घालायला काही नव्हतं. साड्या मैत्रिणींकडून मागून घेतल्या आणि पोहण्याचा पोशाख दिला पर्सिसनं. पर्समध्ये तीन पौंड. अशी उसन्या कपड्यांवर गेलेली रीटा मिस वर्ल्ड होऊन आली. हा किताब जिंकणारी ती पहिली भारतीय, पहिली आशियाई मुलगी. पुढे तिनं ग्लॅमर बाजूला ठेवलं आणि डॉक्टर झाली.

स्वतः रिकाम्या हातानं परत आलेली मुलगी दुसरीला आपला कपडा काढून देते. लग्नाला जाताना एकमेकींची पैठणी आणि पाटल्या नेणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली गंमत बरोबर कळते.

मिस इंडिया होऊन तेव्हा हाती फारसं काही लागत नव्हतं. कोट्यवधींचे करार नाहीत, सिनेमावाल्यांची रांग नाही. पर्सिसला ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘बंबई रात की बाहों में’ या सिनेमात घेतलं. त्यात ती क्लबमध्ये गाणारी मुलगी झाली होती. सिनेमा बेताचाच चालला. त्या काळच्या हिंदी सिनेमाला लाजणारी, साडीतली नायिका हवी होती, आणि पर्सिसचा चेहरा आणि चालणं-बोलणं त्यात बसेना. मग तिनं जे केलं त्याला धाडस लागतं. ती परदेशात गेली. लंडनमध्ये मॉडेलिंग केलं, मोठमोठ्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांचा चेहरा झाली. १९७५ साली दोन इंग्रजी सिनेमे मिळाले. त्यातल्या ‘द विल्बी कॉन्स्पिरसी’मध्ये तर सिडनी पॉटिए आणि मायकल केन यांच्यासारखे दिग्गज होते. तिथून ती अमेरिकेत हॉलिवूडला पोचली. आज दीपिका, प्रियांका तिकडे काम करतात म्हणून आपल्याला नवल वाटत नाही. पर्सिस गेली तेव्हा तिच्या पुढे चालणारं फारसं कुणी नव्हतं.

आणि मग आली ती भूमिका. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ नावाची टीव्ही मालिका साठच्या दशकात लागली होती. अंतराळात फिरणारं यान, त्यातली माणसं आणि परग्रहावरचे लोक. ती पुन्हा नव्यानं काढायचं ठरलं आणि त्यात इलिया नावाच्या एका अधिकारी बाईच्या भूमिकेसाठी पर्सिसची निवड झाली. पाच वर्षांचा करार होता. पुढे मालिकेऐवजी मोठा सिनेमाच काढायचं ठरलं. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, म्हणजे ‘साउंड ऑफ म्युझिक’वाले. एवढं मोठं काम भारतातल्या मुलीला सहसा मिळत नव्हतं. अट एकच होती. इलिया ज्या ग्रहावरची, तिथल्या बायकांना केस नसतात. डोकं पूर्ण भादरावं लागणार होतं.

विचार करा, मॉडेल म्हणून जिची भाकरी चेहऱ्यावर आणि केसांवर चालते, तिला हे सांगितलं. तिनं हो म्हटलं. पण हो म्हटलं म्हणून सोपं गेलं असं नाही. रंगभूषाकारानं कात्री चालवली, मग वस्तरा फिरवला आणि लांब केसांचे झुपके खाली पडायला लागले तेव्हा पर्सिस रडली. हे मी जाऊबाईला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे मान वळवली. इतके दिवस तिला सगळ्यांनी रडू नको असंच सांगितलं होतं.

पुढे शूटिंगभर रोज वस्तरा. आठवडे गेले, महिने गेले आणि पर्सिसला भीती वाटायला लागली, केस परत आलेच नाहीत तर? सिनेमावाल्यांनाही ती भीती खरी वाटली. केसांचा विमा उतरवावा असा विचार निघाला. पण विमा फार महाग पडत होता, आणि नंतर आलेले केस पहिल्यासारखेच आहेत की नाहीत हे ठरवणार कोण? तो विचार तिथेच राहिला. मग तिला त्वचेच्या तज्ज्ञांकडे पाठवून डोक्याला मालिश आणि लेप सुरू केले. म्हणजे शेवटी औषध काय, तर तेल आणि धीर.

डिसेंबर १९७९मध्ये सिनेमा लागला. जगभरच्या मासिकांत टक्कल केलेल्या पर्सिसचे फोटो आले. त्यातलाच एक फिरत फिरत मामांच्या पिशवीतून वसमतला आला. ज्या चेहऱ्याला मायामीच्या परीक्षकांनी पंधरांत घेतलं नव्हतं, तो आता केसांशिवाय जगाला पाठ झाला. एप्रिल १९८०मध्ये ऑस्करच्या समारंभात पुरस्कार द्यायला तिला बोलावलं. त्या मंचावरून पुरस्कार देणारी ती पहिली भारतीय.

इथे जाऊबाईनं मला थांबवलं. तिचा प्रश्न एकच होता. अक्का, तिचे केस परत आले का?

आले, मी म्हटलं. १९८१ला सिल्वेस्टर स्टॅलनबरोबर तिचा ‘नाइटहॉक्स’ आला, त्यात बघ, डोकं भरून केस आहेत. पुतण्यानं मोबाइलवर लगेच फोटो काढून दाखवला. जाऊबाईनं तो दोन बोटांनी मोठा करून करून पाहिला. मग म्हणाली, तेल आण.

तिनं स्कार्फ काढला. कितीतरी दिवसांनी तिचं डोकं मी उजेडात पाहिलं. डॉक्टरांनी चालेल म्हटलं होतं, म्हणून वाटीत थोडं खोबरेल कोमट करून मी हलक्या हातानं लावत बसले. आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव. त्यांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनीची वेणीफणी विठ्ठल स्वतः करायचा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तेल लावताना मला तेच आठवत होतं. कोण कुणाच्या डोक्याला हात लावतं, यात किती माया असते! वीस वर्षांपूर्वी याच केसांचा मला राग यायचा.

पण मैत्रिणींनो, मी त्या दिवशी गोष्ट तिथेच थांबवली होती. पुढचं मला माहीत होतं, पण सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी जाऊबाईनं मला खोलीत बोलावलं. चेहरा उतरलेला. तिनं मोबाइलवर स्वतः शोधून पुढचं सगळं वाचलं होतं. ती चिडली होती. म्हणाली, डॉक्टर अर्धं सांगतात, ह्यांना अर्धं माहीत असतं, लेकरांसमोर तर कुणी बोलतच नाही. आता तुम्हीही अर्धंच सांगायला लागलात का? मी मेलेल्या बाईची गोष्ट ऐकून मरणार आहे का?

मला फार लाज वाटली. म्हणून आता तुम्हाला पूर्ण सांगते.

ज्या १९८० साली पर्सिस ऑस्करच्या मंचावर गेली, त्याच वर्षी जर्मनीत तिच्या गाडीला मोठा अपघात झाला. ती वाचली, पण डोक्यावर मोठा व्रण राहिला. वस्तऱ्यातून सुटलेल्या डोक्याला ही दुसरी खूण. १९८१ला लग्न केलं, ते टिकलं नाही. जेम्स बाँडच्या ‘ऑक्टोपसी’मध्ये नायिका म्हणून तिचा विचार झाला होता, पण भूमिका दुसरीला गेली. मोठं काम हुकत गेलं आणि लहानसहान सिनेमे मिळत राहिले. १९८३ साली, वय जेमतेम पस्तीस, तिच्या हृदयाची बायपास करावी लागली. पस्तिशीतल्या बाईला बायपास! आपल्याला वाटतं हा आजार पुरुषांचा आणि तोही म्हाताऱ्यांचा.

१९८५ला ती मुंबईला परत आली. ‘शिंगोरा’ नावाच्या हिंदी मालिकेत काम केलं. मग पुन्हा अमेरिकेत जाऊन तिथल्या टीव्ही मालिकांत छोट्या भूमिका केल्या. मुकुट घातलेली आणि ऑस्करच्या मंचावर उभी राहिलेली बाई एका एका भागाचं काम घेत होती. यात मला कमीपणा वाटत नाही. काम मिळतं ते करायचं आणि आपलं पोट आपण भरायचं, हे तिला साबणाच्या जाहिरातीपासून ठाऊक होतं.

दरम्यान दिवस पालटले होते. १९९२ला आपली मराठमोळी मधू सप्रे मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आली. १९९४ला सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली, आणि गावोगावच्या ब्युटी पार्लरांना नवी नावं मिळाली. आमच्याकडेही मिस हिंगोली घ्यायची चर्चा झाली आणि त्यावरून भांडणंही झाली. बाईला असं रांगेत उभं करून मापं घेणं चांगलं की वाईट, हा वाद तेव्हा पेटला होता आणि अजून विझलेला नाही. मला विचाराल तर मुलीला मंचावर जायचं असेल तर तिनं जावं, नसेल जायचं तर कुणी ढकलू नये. सोवळ्या आजींचा प्रश्नच मला सगळ्यात मोठा वाटतो. तिला विचारलं होतं का?

या सगळ्या झगमगाटात पर्सिसनं काय केलं? १९९७ साली तिनं एक पुस्तक काढलं, ‘प्राइड ऑफ इंडिया’. आजवरच्या मिस इंडियांवरचं, आपल्या आधीच्या आणि नंतरच्या मुलींवरचं. त्यांतल्या कितीतरी जणींना लोक विसरून गेले होते. पुस्तक तिनं मदर तेरेसांना अर्पण केलं आणि मानधनाचा वाटा त्यांच्या संस्थेला दिला. स्वतः न जिंकलेल्या बाईनं सगळ्या जणींचं कौतुक एका ठिकाणी बांधून ठेवलं. रीटाला पोशाख देणारी पर्सिस तीस वर्षांनीही तशीच होती.

त्यानंतर वर्षभरानं, १८ ऑगस्ट १९९८ला, छातीत दुखतं म्हणून तिला दक्षिण मुंबईतल्या एका रुग्णालयात नेलं. हृदयविकाराच्या झटक्यानं ती गेली. पन्नाशीला दीड महिना कमी होता.

झालं, ही पूर्ण गोष्ट. जाऊबाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती, म्हणून मी शेवट लपवला होता. तिनं मात्र त्यातून काढायचं ते बरोबर काढलं. मला म्हणाली, अक्का, माझी गाठ मला दिवाळीतच लागली होती. उन्हाळ्याची कामं होऊ द्या, पोराची परीक्षा होऊ द्या, हळद निघू द्या, असं करत मी सहा महिने काढले. हे तुम्ही पेपरात लिहा. माझं नाव नका लिहू, पण हे लिहा.

म्हणून लिहिते आहे. महिन्यातून एकदा, पाळी गेल्यावर चार-पाच दिवसांनी, आंघोळ करताना स्वतःच्या हातानं दोन्ही बाजू आणि काखा चाचपून बघा. गाठ दुखत नसली तरी दाखवा. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते डॉक्टरांनी सांगू द्या. आणि छातीत दडपण आलं, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात कळ आली, दोन पायऱ्या चढून दम लागला, घाम फुटला, तर पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन पडू नका. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असाच पित्ताच्या नावाखाली दडून राहतो. धाण्याला बसलेल्या घाण्यासारखं घर आपल्याभोवती फिरत असतं, ते अर्धा दिवस थांबलं तर बिघडत नाही. दवाखान्यात जाऊन या.

त्या नवरात्रात जाऊबाई हळदी-कुंकवाला आली नाही. अष्टमीला मात्र तिनं मला सांगून गल्लीतल्या चौघींना घरी बोलावलं. स्कार्फ होता, पण मागे ढळलेला होता आणि तिनं तो पुन्हा पुढे ओढला नाही. एका शेजारणीनं कुंकू लावताना हात किंचित थांबवला. जाऊबाईच म्हणाली, लावा ना, कपाळ तर आहे.

आता तिचे केस आलेत. पहिले सरळ होते, आता कुरळे आलेत आणि बरेच पांढरेही. कापून मानेपर्यंत ठेवते. तपासणीला अजून दर सहा महिन्यांनी नांदेडला जावं लागतं आणि जायच्या आदल्या रात्री आम्हा दोघींनाही झोप लागत नाही. आरशावरचा टॉवेल निघाला आहे. त्याच आरशाच्या कोपऱ्यात, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी, तिनं ते पिवळं कात्रण खोचून ठेवलंय. मी परत मागितलं तर देत नाही.